विषारी, पण कोणाला?

कृषी केंद्रात औषधाचा डबा हातात आला की आपण आधी भाव विचारतो आणि मग त्रिकोणाचा रंग बघतो. तांबडा असला तर जपून हाताळायचं. हिरवा असला तर दुकानदारच सांगतो, "काही होत नाही, बिनधास्त मारा." कपाशी असो, केळी असो, मका असो की ऊस, जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या चोपडा तालुक्यात हा हिशेब सगळीकडे एकसारखाच चालतो.

हा हिशेब खोटा नाही, पण अर्धाच आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांसारख्या प्राण्यांना तोंडावाटे किंवा कातडीवाटे किती मात्रा जीवघेणी ठरते, त्यावरून कीटकनाशक नियमांत त्रिकोणाचा रंग ठरतो. तोंडावाटेची मात्रा दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर तांबडा, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे माणसाच्या जिवाचा अंदाज रंगावरून येतो. विहिरीतल्या माशाचं, नाल्यातल्या झिंग्याचं किंवा शेततळ्याच्या गाळात राहणाऱ्या किड्यांचं काय होईल, हे मात्र त्या रंगात कुठेच नाही.

हे सगळं एकत्र मांडणारी एक पद्धत गेली पन्नासेक वर्षं जगात वापरात आहे. ती शेतीसाठी तयार झाली नाही, समुद्रावरून माल नेणाऱ्या जहाजांसाठी झाली. पण समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्याला ती नीट लागू पडते, कारण तिच्यात पहिला प्रश्नच "विषारी, पण कोणाला?" हा आहे. ती पद्धत कशी वाचायची आणि आपल्या गोदामात, रस्त्यावर, नाल्याकाठी कशी वापरायची, ते या लेखात पाहू.

जहाजवाल्यांना ही गरज का पडली

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका कुशीवर कलली, सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात गेलं आणि शेकडो कंटेनर पाण्यात पडले. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेलाचा तवंग डोळ्यांना दिसत होता. खरी धास्ती होती ती न दिसणाऱ्या मालाची, कारण त्या जहाजावर कीटकनाशकांचेही कंटेनर होते. कोणता कंटेनर आधी शोधायचा? कोणता फुटला तर मासेमारी थांबवायची? कोणता सापडेपर्यंत वाट पाहिली तरी चालेल? माल काय आहे एवढं कळून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. तो माल कोणाला, कसा आणि किती काळ त्रास देईल, ते आधीच लिहून ठेवलेलं असावं लागतं.

२५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. त्यांपैकी १३ कंटेनरांत धोकादायक माल होता आणि त्यातल्या १२ कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतं. खानदेशात कार्बाइड कोणाला माहीत नाही? फळं पिकवायला ते वापरण्यावर अन्नसुरक्षा कायद्याने बंदी आहे, तरी त्याची पुडी कशी दिसते हे केळीच्या व्यापारात वावरलेल्या कोणालाही विचारा. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन हा पेट घेणारा वायू सुटतो. म्हणजे कोरडं असताना त्याचा धोका वेगळा आणि समुद्रात पडल्यावर वेगळा. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ जून २०२५ रोजी, कोलंबोहून न्हावा-शेव्याकडे निघालेल्या 'वान हाय ५०३' या जहाजाला केरळच्या किनाऱ्यासमोर आग लागली. त्यावर दीडशेहून जास्त कंटेनर धोकादायक मालाचे होते. हे जहाज आपल्याच राज्यातल्या बंदरात यायचं होतं.

अशा वेळी चाचपडावं लागू नये, याची सोय फार आधीपासून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी १९६९ साली समुद्र-प्रदूषणावरचा एक संयुक्त तज्ज्ञगट नेमला. 'गेसाम्प' या नावाने तो ओळखला जातो. जहाजांच्या टाक्यांतून घाऊक जाणाऱ्या द्रव रसायनांची एकेक करून तपासणी करायची आणि प्रत्येकाची धोका-नोंद तयार करायची, हे काम या गटाकडे आलं. १९७३ च्या 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराचा रसायनांविषयीचा भाग या नोंदींवर उभा आहे.

पाच रकाने, आणि बेरीज नाही

गेसाम्पच्या नोंदीत पाच मुख्य रकाने असतात. मूळ नोंदीत त्यांना इंग्रजी अक्षरं आहेत. आपण अ, ब, क, ड, इ म्हणू.

अ रकाना टिकण्याचा आणि साठण्याचा. पदार्थ पाण्यात पडल्यावर जिवाणू त्याला पटकन कुजवतात का? तो माशाच्या चरबीत साठत जातो का? साठण्याला ० ते ५ असा अंक मिळतो. कुजण्याला अंक नसतो, 'सहज कुजतो' किंवा 'सहज कुजत नाही' अशी नोंद होते.

ब रकाना पाण्यातल्या जिवांचा. मासे, झिंग्यासारखे कवचधारी प्राणी आणि शेवाळ यांच्यावर चाचणी होते आणि जो सगळ्यात नाजूक ठरेल त्याचा आकडा धरतात. एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम मिसळल्यावर ठरावीक वेळात निम्मे जीव दगावतात, त्यावरून ० ते ६ अंक ठरतो. एक हजार मिलिग्रॅमहून जास्त लागत असेल तर ०. शंभर ते हजार १, दहा ते शंभर २, एक ते दहा ३, एक दशांश ते एक ४, एक शतांश ते एक दशांश ५ आणि त्याहूनही कमी पुरत असेल तर ६. अंक एकाने वाढला की विषारीपणा दहापट वाढला, हे पक्कं लक्षात ठेवा. ३ आणि ६ यांच्यात दुपटीचा नाही, हजारपटीचा फरक आहे. थोड्या मात्रेत पण दीर्घकाळ संपर्क राहिला तर काय होतं, त्याचा अंक वेगळा, ० ते ४.

क रकाना माणसाचा आणि जनावरांचा. पोटात गेलं तर, कातडीला लागलं तर आणि श्वासातून गेलं तर, असे तीन वेगळे अंक. प्रत्येक ० ते ४.

ड रकान्यात कातडी भाजणं, डोळ्यांना इजा आणि कर्करोगासारखे दूरगामी परिणाम येतात.

इ रकाना वागणुकीचा. पदार्थ तरंगतो, बुडतो, विरघळतो की उडून जातो? तरंगणारा असेल तर बराच काळ तरंगत राहतो का? किनारा लोकांना बंद करावा लागेल का?

ही नोंद शाळेच्या गुणपत्रिकेसारखी दिसते, पण तिच्यात शेवटी एकूण गुण नसतात. या पद्धतीची मुख्य गोष्ट हीच आहे. माशाला ६ आणि माणसाला १ असलेल्या पदार्थाची सरासरी काढून 'साडेतीन, म्हणजे मध्यम' म्हटलं तर त्यातून कोणाच्याच उपयोगाचं काही हाती लागत नाही. तलावाच्या ठेकेदाराला ब रकाना हवा, फवारणी करणाऱ्या मजुराला क आणि ड हवेत, नदीतून पाणी उचलणाऱ्या गावाला अ आणि इ हवेत. कृषी केंद्रातला त्रिकोण म्हणजे क रकान्यातले पहिले दोन अंक, बस.

आपल्या कपाटातले तीन डबे

आता ही मोजपट्टी आपल्याकडच्या औषधांना लावून पाहू. गेसाम्पच्या नोंदी जहाजांच्या टाक्यांतल्या मालाच्या, आणि कीटकनाशकं बहुतेक डब्यांतून-पिंपांतून जातात, म्हणून पुढची मोजणी आपली, पट्टी मात्र गेसाम्पची.

पहिला डबा सायपरमेथ्रिनचा, त्रिकोण पिवळा. उंदराला तोंडावाटे जीवघेणी मात्रा किलोमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून क रकान्यात २. माशाला मात्र लिटरमागे १ ते ३ मायक्रोग्रॅम पुरतात. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. ब रकान्यात थेट ६, याच्यापुढे अंकच नाही. हे पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि चरबीकडे ओढ घेतं, त्यामुळे साठण्याचा अंकही वरचा.

याचा अर्थ हिशेबाने पाहा. २५ टक्के ईसीच्या डब्यात एक लिटरला २५० ग्रॅम मूळ औषध असतं. तळाशी उरलेल्या १० मिलिलिटरमध्ये अडीच ग्रॅम. लिटरमागे २ मायक्रोग्रॅम ही घातक पातळी धरली, तर अडीच ग्रॅम औषध साडेबारा लाख लिटर पाणी त्या पातळीला नेऊ शकतं. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं उतरत्या कडांचं शेततळं भरलं की त्यात साधारण वीस लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे झाकणभर औषधाने अर्ध्याहून जास्त शेततळं! प्रत्यक्षात यातलं बरंच औषध गाळाला चिकटतं आणि मासा वाचू शकतो. पण मग ते गाळातल्या किड्यांच्या वाट्याला येतं आणि मासा तेच किडे खातो.

दुसरा डबा क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलचा, बोंडअळी आणि खोडकिडीसाठी आपण वापरतो तो. त्रिकोण हिरवा, आणि तो योग्यच आहे. उंदराला ५००० मिलिग्रॅम देऊनही जीवघेणं ठरत नाही, क रकान्यात ०. माशालाही फारसं बाधत नाही. पण पाण्यातल्या 'डॅफ्निया' या पिसवेएवढ्या कवचधारी जिवाला लिटरमागे सुमारे बारा मायक्रोग्रॅम पुरतात. ब रकान्यात सगळ्यात नाजूक जीव धरायचा असल्यामुळे अंक येतो ५. माणसाला शून्य आणि पाण्याला पाच. "हिरवं आहे, पंप नाल्यात धुतला तर काय बिघडलं?" याचं उत्तर हे. असले बारीक जीव म्हणजे माशांच्या पिलांचं खाणं. ते गेले की मासा विषाने नाही, उपासाने कमी होतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

तिसरा डबा प्रोपिकोनाझोलचा. केळीवरच्या करप्यासाठी खनिज तेलात मिसळून ते फवारतात. त्रिकोण निळा. माशाला लिटरमागे चार-सहा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे माशापुरतं ते सायपरमेथ्रिनपेक्षा कितीतरी सौम्य. याची अडचण अ रकान्यात आहे. ते सहज कुजत नाही, आणि साठण्याचा अंक ३. एका फवारणीने काही दिसत नाही, पण करप्याला एका फवारणीवर कोण थांबतं? जो पदार्थ टिकतो त्याची एक मात्रा मोजून चालत नाही, हंगामाची एकूण मोजावी लागते. त्यातलं खनिज तेल पाण्यावर तरंगतं आणि पसरतं, त्याचा इ रकाना वेगळा.

तीन डबे, तीन रंग, आणि पाण्याच्या बाजूने पाहिलं तर क्रम रंगांच्या क्रमासारखा नाही.

माणसाच्या बाजूनेही त्रिकोण पुरता नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यांनी औषध प्यायलं नव्हतं. माणसापेक्षा उंच वाढलेल्या कपाशीत शिरून फवारताना ते कातडीवाटे आणि श्वासावाटे अंगात गेलं होतं. गेसाम्पने क रकान्यात श्वासाचा अंक वेगळा का ठेवला, हे यावरून कळावं.

एक्स, वाय, झेड आणि पामतेल

नोंद तयार झाली की तिच्यावरून मार्पोलचे चार गट ठरतात. एक्स म्हणजे समुद्रात टाकायचंच नाही. टाकी बंदरातच धुऊन ते पाणी किनाऱ्यावर द्यायचं. वाय म्हणजे अगदी मर्यादित. झेड म्हणजे त्याहून सौम्य. चौथा गट 'इतर', ज्यांच्यावर या भागात बंधन नाही. परवानगी आहे तिथेही जहाज किमान ७ नॉट वेगाने चालत असावं, किनाऱ्यापासून १२ सागरी मैल दूर असावं आणि खाली निदान २५ मीटर पाणी असावं, अशा अटी आहेत.

आता प्रत्येक किराणा दुकानात असलेलं पामतेल घ्या. ते विषारी नाही, आपण ते खातो. तरीही १ जानेवारी २००७ पासून खाद्यतेलं वाय गटात गेली. कारण इ रकाना: तेल तरंगतं, लवकर जात नाही, थंड पाण्यात त्याचे गोळे होऊन किनाऱ्याला लागतात आणि पक्ष्यांच्या पिसांना चिकटतं. युरोपच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यांवर असे गोळे वारंवार येऊ लागले, तेव्हा २०२१ पासून तिथल्या समुद्रापुरता नियम आणखी कडक झाला.

खाण्याजोगं म्हणजे पाण्याला निर्धोक, ही समजूत इथे मोडते. ढाब्याच्या आणि फरसाणवाल्याच्या कढईतलं काळं तेल गटारीत ओतलं तर नाल्यावर त्याचा पापुद्रा धरतो आणि खालच्या पाण्याला हवा मिळेनाशी होते. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलसाठी देण्याची व्यवस्था अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून सुरू केली आहे. आपल्या भागात ते कोण उचलतं, याची चौकशी हॉटेलवाल्यांनी करावी.

मळी: कागदावर निरुपद्रवी

या पद्धतीची मर्यादाही समजून घ्यायला हवी, आणि तिचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. चहार्डीच्या साखर कारखान्यामुळे मळी म्हणजे काय, हे चोपड्यात कोणाला सांगावं लागत नाही. मार्पोलमध्ये मळी 'इतर' गटात आहे, पाणी आणि सफरचंदाच्या रसाच्या शेजारी. विष नाही, साठत नाही, पटकन कुजते.

पण हे पटकन कुजणंच कधीकधी मारक ठरतं. सप्टेंबर २०१३ मध्ये होनोलुलू बंदरात जहाजावर मळी भरायच्या नळातून सुमारे १४०० टन मळी पाण्यात गेली. जिवाणूंनी ती खाताना पाण्यातला प्राणवायू संपवला आणि २६ हजारांहून अधिक मासे मेले. आपल्या देशात मे २०१८ मध्ये पंजाबातल्या बियास नदीत एका साखर कारखान्यातून मळी गेली आणि मैलोन् मैल मेलेल्या माशांचा खच पडला.

म्हणजे अंक पदार्थाचा असतो, धोका मात्र जागेवर ठरतो. भर समुद्रात दोन टन मळी म्हणजे काहीच नाही. मे महिन्यात रत्नावतीच्या किंवा अनेरच्या डबक्यात तीच दोन टन मळी पडली तर त्या डबक्यात काही जिवंत राहणार नाही. म्हणून रकाने वाचून झाले की तीन प्रश्न जोडायचे: किती माल, किती पाणी, आणि पाणी वाहतं का थांबलेलं? पावसाळ्यात तापी दुथडी भरून वाहते तेव्हाचं उत्तर उन्हाळ्यात चालत नाही.

रस्त्यावरचा टँकर कसा वाचायचा

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता चोपड्यातून जातो. अंकलेश्वर म्हणजे गुजरातची मोठी रसायननगरी. त्यामुळे रसायनांचे टँकर ओळखता येणं हे आपल्याकडे कामाचं ज्ञान आहे.

धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर मोटार वाहन नियमांनुसार माहितीची पाटी लागते. तिच्यावर चार आकडी यूएन क्रमांक असतो: १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १००५ अमोनिया, १७८९ हायड्रोक्लोरिक आम्ल, १८३० गंधकाम्ल. ३०८२ दिसला तर समजा, पर्यावरणाला घातक असा द्रव, ज्याचा स्वतःचा वेगळा क्रमांक नाही. पांढऱ्या चौकोनात मेलेला मासा आणि वाळलेलं झाड असं चित्र असेल तर तो माल पाण्यातल्या जिवांना घातक ठरलेला आहे. जहाजावरच्या कंटेनरला लावतात तेच हे चित्र.

शेजारी 'हॅझकेम' हा छोटा संकेत असतो, उदाहरणार्थ पेट्रोलला ३वायई. पहिला अंक आग कशाने विझवायची ते सांगतो. मधलं अक्षर आपल्या विषयाचं. पी, आर, एस, टी यांपैकी असेल तर अग्निशमन दल भरपूर पाण्याने तो पदार्थ पातळ करू शकतं. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड यांपैकी असेल तर तो अडवायचा, गटारीत किंवा नाल्यात जाऊ द्यायचा नाही. शेवटी ई असेल तर आसपासची वस्ती हलवायचा विचार करायचा.

टँकर उलटला तर वाऱ्याच्या दिशेने पुढे जाऊ नका, वारा पाठीवर घेऊन लांब उभे राहा. दूरवरूनच यूएन क्रमांक वाचा किंवा मोबाइलने फोटो काढा आणि ११२ वर तो क्रमांक सांगा. "कसलं तरी केमिकल सांडलंय" आणि "१७८९ सांडलंय" या दोन फोनांत मदतीच्या दृष्टीने फार फरक पडतो. बादल्या-कॅन घेऊन माल गोळा करायला कोणी धावत असेल तर आधी त्याला मागे ओढा. नाल्याकडे उतार असेल आणि अग्निशमन दलाने सांगितलं, तरच लांबवर मातीचा बांध घाला.

आपल्या गोदामाची नोंद: एक बैठक पुरेल

प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक असतं. 'एसडीएस' म्हणून मागा. कंपनीच्या संकेतस्थळावरही ते मिळतं. त्यात १६ भाग असतात, आपल्याला पाचच लागतात:

१. भाग ४: प्रथमोपचार. हा आधी वाचा आणि दारामागे चिकटवा.

२. भाग ९: पाण्यात विरघळतं का, पाण्याहून जड की हलकं. हा आपला इ रकाना.

३. भाग ११: तोंड, कातडी, श्वास. क आणि ड रकाने इथे मिळतात.

४. भाग १२: मासा, डॅफ्निया, शेवाळ यांचे आकडे, कुजण्याची आणि साठण्याची माहिती. अ आणि ब रकाने. आकडा मिलिग्रॅममध्ये आहे की मायक्रोग्रॅममध्ये, हे दोनदा बघा. घोटाळा इथेच होतो.

५. भाग १४: वाहतूक. इथे यूएन क्रमांक असतो, आणि 'सागरी प्रदूषक: होय' असं लिहिलेलं असेल तर पुढचं वाचायच्या आधीच तुम्हाला निकाल कळला. एच ४०० किंवा एच ४१० हे संकेतही हेच सांगतात.

वहीच्या एका पानावर डाव्या बाजूला औषधांची नावं लिहा आणि पुढे सहा उभे रकाने आखा: टिकतं का, पाण्याला किती, पोटात, कातडीला, श्वासात, पाण्यात कसं वागतं. बेरीज करू नका. ज्या औषधापुढे पाण्याच्या रकान्यात ४, ५ किंवा ६ येईल त्याखाली तांबडी रेघ मारा. अशा औषधांना चार नियम लावा.

विहीर, पाट, चारी, नाला किंवा शेततळ्याच्या काठी द्रावण बनवू नका आणि तिथे पंपही धुऊ नका. डबा रिकामा झाला की तीनदा खंगाळा आणि ते पाणी पंपातच ओतून पिकावर मारा. मग डब्याला भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा कोणी तेला-पाण्याला वापरणार नाही. पाण्याकडच्या बाजूला काही ओळी फवारणीविना सोडा, तिथे गवत राहू द्या. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी फवारणी नको. पहिल्या जोराच्या पावसात औषध मातीला धरून नाल्यात उतरतं.

श्वासाच्या किंवा कातडीच्या रकान्यात अंक वरचा असेल तर त्या औषधाला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे याला पर्याय नाही. हे मजुराला सांगायचं काम आणि साहित्य द्यायचं काम, दोन्ही मालकाचं. विषबाधेचा संशय आला तर डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊनच दवाखान्यात जा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नि:शुल्क क्रमांकावर डॉक्टरांना आणि नातेवाइकांना सल्ला देतं.

मासे मेलेले दिसले तर

पहाटे मासे वर येऊन तोंडाने हवा घेताना दिसले असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडल्याची शक्यता मोठी. मळी, सांडपाणी, कुजका पाला यांच्याकडे बघा. मासे गरगर फिरताना, तोल जाऊन कलंडताना दिसले असतील तर कीटकनाशकाचा संशय धरा. मोठ्या माशांच्या आधी झिंगे आणि पाण्यातले किडे नाहीसे झाले असतील तर तो संशय आणखी पक्का होतो.

मेलेले मासे खाऊ नका, विकू नका, कोंबड्यांना घालू नका. जनावरं त्या पाण्यावर नेऊ नका. प्रवाहाच्या खालच्या गावांना लगेच फोन करा. स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून झाकण लावा, सावलीत थंड ठेवा आणि वेळ-ठिकाण चिठ्ठीवर लिहा. फोटो काढा. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयाला आणि तहसीलदारांना लेखी कळवा. तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी वाहून जाते, आणि नमुना घ्यायला उशीर झाला तर पाणीही.

आपल्या नाल्यांचं पाणी तापीला मिळतं, तापी उकाई धरण ओलांडून सुरतेपलीकडे खंभातच्या आखाताला. वाटेत बराच गाळ धरणांत-बंधाऱ्यांत अडकतो आणि गाळाला चिकटलेली औषधंही तिथेच राहतात. म्हणजे चोपड्यात धुतलेल्या पंपाची किंमत समुद्रातल्या माशाच्या आधी तापीवर जाळं टाकणारे आपलेच कोळी आणि भोई मोजतात.

येत्या हंगामात औषध घेताना दुकानदाराला त्रिकोणाच्या रंगाबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: "याचं माहितीपत्रक आहे का? बारावा भाग दाखवा." पहिल्या वेळी त्याच्याकडे नसेल. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तो मागवून ठेवील.